चार नंबरची लांब रेघ

१

मोजणीदाराचा पाय रविवारी संध्याकाळी गुडघ्याखाली कापला. मंगळवारी तो नीट शुद्धीवर आला आणि त्याच दुपारी त्याची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"मावशी, तुमची वही दाखवा."

माझी वही म्हणजे हजेरीची वही. दर रविवारी डोंगरात गाड्या घेऊन जाणाऱ्या वेड्यांची आमची एक टोळी आहे. चांगला रस्ता सोडून दगडधोंड्यांतून, कोरड्या नदीतून गाड्या हाकायच्या आणि अंगभर चिखल घेऊन घरी यायचं, यात त्यांना सुख. डोंगरात मोबाईल लागत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत एक रेडिओ, आणि गच्चीवर अँटेना लावलेला मोठा रेडिओ माझ्या खोलीत. दर तासाला मी नंबर पुकारते, तिकडून उत्तर येतं, मी वहीत खूण करते. नऊ वर्षं झाली. माझी शाळा चौथीत सुटली, पण रेडिओच्या परवान्याची परीक्षा मी दिली. तीनदा नापास झाले, चौथ्यांदा पास. ज्या साहेबानं तीनदा घरी पाठवलं, त्यानंच उठून उभं राहून परवाना हातात दिला. तेव्हा माझी खूण चुकली असं म्हणणारा अजून जन्माला यायचा होता.

"बघ की," मी म्हटलं. "लपवायला काय ती प्रेमपत्रं आहेत?"

तिनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. दुपारचे तीन, नंबर चार, हजर.

"ते अडीचला उलटले," ती म्हणाली. "गाडी कुशीवर पडली आणि पाय दाराखाली अडकला. माईकची वायर तुटली. तीनला त्यांनी उत्तर दिलंच नाही, मावशी. देणार कशानं? मग ही खूण कोणाची?"

मी वही ओढून घेतली आणि पान डोळ्यांशी धरलं. खूण माझ्याच हातची होती.

२

त्या रविवारी चार गाड्या होत्या. एक नंबर माझा थोरला, तो सगळ्यांचा म्होरक्या. दोन नंबर दातांची डॉक्टरीण. तीन नंबर मिस्त्री, ज्याच्या गॅरेजात या सगळ्यांच्या गाड्यांची हाडं जोडली जातात. आणि चार नंबर मोजणीदार. जमिनी मोजतो, शब्दही मोजूनच वापरतो.

तो शेवटी होता, कारण मी त्याला शेवटी घातला होता. आदल्या रविवारी त्यानं दोन हजेऱ्या चुकवल्या. माईकची वायर ढिली आहे म्हणाला. मी रेडिओवरच, सगळ्यांच्या कानांदेखत, त्याला सोलून काढला. "लोकांच्या जमिनी मोजतोस आणि हातभर वायर सांभाळता येत नाही होय रे? पुढच्या वेळी शेपटाला चाल, सगळ्यांची धूळ खा. आणि परत हजेरी चुकली तर तीन महिने घरात बस!" तो "हो मावशी" म्हणाला, एवढंच.

आमच्यात एक रीत आहे. आवाज धड पोचत नसेल, किंवा स्टिअरिंगवरचा हात सोडवत नसेल, तर माईकचं बटण दोनदा दाबून सोडायचं. इकडे नुसतं टक टक ऐकू येतं. टक टक म्हणजे हजर. ही रीत मीच पाडली. बोलायला लागले की ही माणसं थांबत नाहीत म्हणून.

तर, तीन वाजता मी पुकारलं. थोरला हजर. डॉक्टरीण हजर, नेहमीसारखी खिदळत. मिस्त्री हजर. "चार?" गप्प. "चार, झोपलास का रे?" तरी गप्प. माझा पारा चढायला लागला, आणि तेवढ्यात, टक टक.

शेजारच्या खोलीतून आमचा म्हातारा ओरडला, "अगं, परत खरखर! टीव्हीतलं एक अक्षर कळत नाही!"

"मी काही दाबलेलं नाही! मुकाट्यानं बघा!" मी भिंतीकडे तोंड करून ओरडले. मग माईक उचलला आणि म्हटलं, "चार, हजर. आज शहाणा झालास."

चार वाजताच्या हजेरीला तो गप्पच राहिला. थोरला तोवर डांबरी रस्त्याला लागला होता. शेपटाची गाडी उशीरच करते, म्हणून तिघं थांबले. साडेचारला मागे वळले. दुसऱ्या वळणाखाली गाडी दिसली तेव्हा पाच वाजून गेले होते. तीनला कळलं असतं तर वीस मिनिटांत पोचले असते. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणला असता तर पाय राहिला असता.

म्हणजे त्या टक टकची किंमत एक पाय.

मग मी काय केलं? विचार? छे. आदल्या गुरुवारी गॅरेजात मिस्त्री आणि मोजणीदार क्लचवरून हमरीतुमरीवर आले होते, ते मला ठाऊक होतं. मिस्त्री मोजणीदाराच्या पुढेच होता. आरशात मागची गाडी नाही, हे त्याला सगळ्यात आधी कळणार. मोजणीदाराची बायको गेल्यावर तासाभरात मी रेडिओ चालू केला आणि म्हटलं, "मिस्त्री, चारची हजेरी तू लावलीस. माणूस खाली पडलेला ठेवून."

सगळ्यांनी ऐकलं. बुधवारी सकाळी त्याच्या गॅरेजातून तीन गाड्या परत गेल्या. बुधवारी दुपारी तो माझ्या पायऱ्या चढून वर आला. हातात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

३

त्यानं फडकं सोडलं. आत त्याच्या गाडीचा माईक होता, वायरीसकट उपटून आणलेला.

"दाबा," मिस्त्री म्हणाला.

मी बटण दाबलं. सोडलं. ते दबलेलंच राहिलं. त्यानं नखानं उचकटलं तेव्हा कुठे वर आलं.

"आतलं रबर गेलंय. दोन वर्षं झाली. लोकांच्या गाड्या करतो, स्वतःचं राहून जातं. आता या बटणानं टक टक करून दाखवा, मावशी. जेवढा वेळ हवा तेवढा घ्या."

करायचं काय? त्या बटणानं फक्त एकच आवाज निघतो, लांबलचक कर्रर्र. आणि तो कर्रर्र मी दोन वर्षं दर तासाला ऐकते आहे. मिस्त्रीनं हजर म्हटलं की मागून ती शेपटी येतेच. डोळे बांधून शंभरात ओळखेन.

"आरशात तो दिसत नव्हता, हे कबूल," तो म्हणाला. "पण तुमचा आवाज आला, चार हजर. मी म्हटलं, आहे मग. तुमच्या वहीपेक्षा माझा आरसा मोठा आहे का?"

मी माईक त्याच्यासमोर ठेवला.

"तुमचे कान एवढे तिखट, मावशी. आणि तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही." त्यानं माईक परत गुंडाळला. "क्लच माझ्याच हातून चुकीचा बसला होता. शनिवारी रात्रीचा दिवस करून फुकट बदलून दिला त्याला. तो हसून गेला. आता माझ्या दारात कोणी उभं राहत नाही."

तो उतरून गेला. दुरुस्तीला एकही गाडी नसलेला मिस्त्री चालत घरी जाताना मी पहिल्यांदा पाहिला.

मिस्त्री नाही. मग कोण?

४

डॉक्टरिणीच्या दवाखान्यात गेले तर तिनं मला रुग्णाच्या खुर्चीवरच बसवलं. तिला वाटलं दाढ दुखते आहे.

"दाढ ठणठणीत आहे. तू दाबलंस का, एवढं सांग."

"मी? मावशी, मी तर तेव्हाच हजर म्हणून खाली उतरले होते. पक्ष्याचा फोटो काढत होते. माझा लहान सेट, कमरेला. त्याचा आवाज तुमच्यापर्यंत कसाबसा पोचतो." मग ती हातमोजे काढत बसली. एक बोट, दुसरं बोट. मला कळलं, पोटात काहीतरी आहे.

"ओक."

"रागावणार नाही?"

"रागावेन. तरी सांग."

"मागे एकदा मीच हजेरी चुकवली होती. गाडीपासून लांब होते, सेट कानाशी धरला तर तुम्ही पुकारून झालेलं. आता आपली धुलाई, असं वाटलं. आणि तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, दोन हजर. मी काही दाबलं नव्हतं, मावशी. माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी दाबलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्हाला सांगायचं?" ती अशी हसली की माझ्याच दाढेत कळ गेली. "मला वाटलं, तुमच्या थोरल्यानं वाचवलं. त्याचा जीव मऊ आहे."

घरी येऊन थोरल्याला समोर बसवला. पोरगा चार दिवसांत वाळला होता. म्होरक्या म्हणून लोक त्यालाच बोल लावत होते.

"आई, मी दाबलं असतं तर तुला कळलं नसतं? माझ्या सेटवर इंजिनाची शीळ येते."

खरं होतं. त्या टक टकमागे शीळ नव्हती. वाऱ्याची सूं सूं नव्हती. काहीच नव्हतं. स्वच्छ, जवळून दार वाजवावं तशी टक टक.

तो वही चाळत होता. "ही तुझी रेघांची भाषा अजून मला कळली नाही. कुठे आखूड, कुठे लांब. हात कापतो का तुझा?"

"हात कापायला काय झालं? सुई बघून ओढते." रेडिओवर एक सुई असते. आवाज लांबून, अशक्त आला तर ती जरा हलते. जवळून, जोरात आला तर उजवीकडे झेपावते. आकडे लिहीत बसायचा मला कंटाळा. सुई जेवढी जाईल तेवढी हजेरीची रेघ लांब. नऊ वर्षं हात आपोआप चालतो, डोक्याला विचारत नाही.

बोलता बोलता मी वाकून पाहिलं. रविवार, तीन वाजता. एक नंबरची रेघ अर्ध्या बोटाची. दोनची तांदळाएवढी. तीनची अर्धं बोट. आणि चारची रेघ चौकट ओलांडून शेजारच्या रकान्यात घुसलेली.

"एवढी लांब?" थोरला म्हणाला. "चार नंबर तर सगळ्यात मागे, डोंगराच्या पोटात होता."

"तू जा. जेवून घे," मी म्हटलं.

डोंगरातून कधीच एवढा जोर येत नाही. सुई शेवटाला टेकली, म्हणजे ते बटण माझ्यापासून हाकेच्या अंतरावर दाबलं गेलं होतं. मी इतके दिवस चोर डोंगरात शोधत होते.

५

म्हाताऱ्याच्या खोलीत गेले. अर्धांगवायूनंतर तो पलंग आणि टीव्ही, एवढ्यातच असतो.

"रविवारी दुपारी खरखर झाली म्हणून ओरडलात, ती कधी?"

"तू बोलतेस तेव्हा रोजच होते. तुझ्या अँटेनाखाली टीव्ही ठेवलाय, गाणं थोडंच म्हणणार?"

"ते नाही. त्या दिवसाची."

"ती वेगळी," म्हातारा म्हणाला. "तू गप्प होतीस आणि दोनदा झाली. खर्र, खर्र. तेच तर सांगत होतो. माझ्यावरच खेकसलीस."

लांबच्या गाड्यांमुळे आमचा टीव्ही खरखरत नाही. घरातलं बटण दाबलं तरच खरखरतो. माझं बटण माझ्या हातात होतं आणि मी ते दाबलं नव्हतं. घरात दुसरा सेट एकच. हातात मावणारा, जास्तीचा. खालच्या खोलीत, चार्जरवर, शिलाई मशीनच्या शेजारी.

मी जिना उतरले.

सून मशीनवर होती. पडद्यांचं काम, कापडाचा ढीग. मला पाहून तिनं पाय थांबवला. सेट तिच्या उजव्या हाताशी होता, बारीक आवाज लावलेला. दर रविवारी तो तसाच चालू असतो. नवरा डोंगरात असतो, तासातासाला त्याचा एक शब्द ऐकू येतो, हजर. त्या शब्दावर ती दिवस काढते. हे मला माहीत होतं. माहीत असून कधी डोक्यात आलं नाही.

"किती वेळा?" मी विचारलं.

ती नाही म्हणाली नाही. कात्री खाली ठेवली. "ही पाचवी, आई."

"का?"

"चार नंबरची वायर ढिली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, परत तेच. आदल्या रविवारी तुम्ही बोललात, तेव्हा मी इथेच होते. तुम्ही बोलून झाल्यावर ते हो मावशी म्हणाले. तो आवाज मी ओळखते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मीही बारा वर्षं तसंच हो आई म्हणते."

"माझ्यावर ढकलू नकोस!" मी ओरडले. सवयच. भिंतीला लागून तो आवाज माझ्याकडेच परत आला.

"नाही ढकलत. बटण माझ्या बोटानं दाबलंय. चार वाजता परत सेट उचलला होता. पण दोनदा गप्प, म्हणजे काहीतरी आहे असं वाटलं. म्हणून नाही दाबलं. तीनला तसं वाटलं असतं तर." तिनं मांडीवरचं कापड मुठीत धरलं. "मिस्त्रींचं नाव तुम्ही घेतलंत, त्या संध्याकाळी मी दोनदा जिना चढले. दोनदा खाली आले."

"का खाली आलीस?"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. ज्या भीतीनं डॉक्टरीण गप्प बसली, मोजणीदार हो मावशी म्हणाला, तीच माझ्या घरात मशीनवर बसून पडदे शिवत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "आधी वर चल. मग दवाखान्यात जायचंय."

६

वर आल्यावर मी रेडिओ चालू केला. परवाना असलेल्या सगळ्यांना पुकारलं आणि म्हटलं, "मिस्त्रीनं काही केलेलं नाही. चारची खोटी हजेरी माझ्या घरातून गेली. मिस्त्रीवर आळ घेतला तो मी, न विचारता, सगळ्यांदेखत. म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागते." बटण सोडलं. मग एक लांब कर्रर्र आला, शब्दाशिवाय. म्हणजे मिस्त्रीनं माईक परत जोडला होता. तो माफ केलं म्हणाला की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी थोरला स्वतःची गाडी, काही बिघडलेलं नसताना, त्याच्या दारात लावून आला.

दवाखान्यात मोजणीदाराची बायको दारातच आडवी आली.

"सापडला का?"

वाटेत मी ठरवलं होतं. म्हटलं, "माझ्या हातून झालं. दुसरा सेट शेजारी होता, चुकून—"

"आई, नको," सून मागून म्हणाली, आणि पुढे आली. "मी दाबलं. त्यांना बोलणी बसू नयेत म्हणून."

मला वाटलं ती बाई हात उगारणार. उगारला असता तर बरं झालं असतं. ती नुसती बाजूला झाली आणि म्हणाली, "मला नका सांगू. त्यांना सांगा."

तो उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला गुडघ्यापर्यंत उंच आणि पुढे सपाट. सुनेनं सगळं सांगितलं, थांबत थांबत. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"मला ऐकू येत होतं, मावशी."

"काय?"

"माईक तुटला होता. रेडिओ चालूच होता. तुम्ही चार म्हणालात. परत म्हणालात. मी ओरडत होतो, उगाच. मग तुमचा आवाज आला, चार हजर, आज शहाणा झालास."

मी स्टूल ओढून त्याच्या पलंगाशी बसले.

"आधी काय वाटलं सांगू?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानंच माझी वाट लावली. "वाटलं, सुटलो. मावशी आज रागावणार नाहीत. पाय दाराखाली होता, आणि मला बरं वाटलं. मग जरा वेळानं डोक्यात प्रकाश पडला, की हजर आहे म्हटल्यावर आता शोधायला कोणी येणार नाही."

मी वही बरोबर नेली होती. त्याला रेघ दाखवायला, सुई समजावून सांगायला, मी कसं शोधून काढलं ते सांगायला. पिशवीतून काढलीच नाही.

ती रेघ मी खोडलेली नाही. चौकट ओलांडून गेलेली, तशीच आहे. गाड्या आता परत जातात, शेपटाला थोरला असतो. टक टक चालत नाही, आवाज लागतो. सुनेनं परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा सही करताना मला म्हणाली, "नापास झाले तर बोलू नका." हजेरीला उत्तर आलं नाही की मी पेन खाली ठेवते आणि परत विचारते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

परवा थोरला घरी येऊन म्हणाला, "आई, हल्ली इतकं हळू पुकारतेस, की डोंगरात नीट ऐकूच येत नाही."